सरळ पट्टीची माणसं

टाकीतलं पेट्रोल आधी काढून टाका, नाहीतर पार्सलवाला गाडीला हात लावणार नाही. साल १९८५, महिना फेब्रुवारी, जागा बडनेरा स्टेशनचं पार्सल ऑफिस. तुमचं वय सव्वीस. पुढे वर्षं भराभर बदलतील, वय मात्र सव्वीसच राहील. या प्रवासात तेवढी एक सवलत आहे.

हमाल तुमच्या येझदी रोडकिंगला बारदान गुंडाळतो. हँडलच्या टोकांना गवताच्या मुठी, हेडलाइटवर चिंध्या, वरून सुतळी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर निळ्या शाईनं ‘मद्रास’ लिहून तो टाकीवरच्या बारदानाला दाभणानं शिवून टाकतो. २५० सीसी, १६ हॉर्सपॉवर, दोन सायलेन्सर, आणि गिअरचा दांडा वळवून वर उचलला की त्याचीच किक होते. मागचं टायर कोरं आहे. ते कापसाच्या चुकाऱ्यातून आलं, एकाधिकार खरेदीचा हप्ता हातात पडला त्यातून. बाबांना तुम्ही सांगितलंय की चुलत भावाच्या थ्रेशरचा पार्ट आणायला मद्रासला जातो. थ्रेशरचा पार्ट, मद्रासहून! त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण अडवलंही नाही.

राजकमल चौकातल्या मिस्तरीनं काल कार्बोरेटर उघडून साफ केला, चेन ताणली, ब्रेकचे लायनर घासून दिले. पैसे घेताना म्हणाला, “भाऊ, सरळ तं गाडी लय पळते. वळनावर कशी जाते, हे कोनं पाह्यलं?”

तुम्ही हसलात. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला: या रस्त्यावर वळण म्हणावं असं आहेच काय? पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन. रस्ता आखणाऱ्याला वाकडं जायचं कारणच पडलं नाही. वऱ्हाडातला पोरगा गाडी शिकतो ती सरळ रेषेत शिकतो. अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, टाकीवर छाती टेकवायची, पुढे एसटी दिसली की हॉर्न द्यायचा. एवढ्यावर आयुष्य निघून जातं. चिखलदऱ्याला वर्षातून एकदा गेलात तर तेवढीच काय ती वळणं.

पार्सलची पावती खिशात घाला. मद्रासकडे निघण्याआधी महिनाभर मागे, तळेगाव दशासरला जाऊन येऊ. हिवाळा आहे, कापूस घरात आला आहे आणि बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला आहे.

पट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत. लहान पोरं बापाच्या खांद्यावर, म्हातारे बैलगाडीच्या साटीवर उभे. भज्यांचा वास, धुळीचा वास, आणि बैलांच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा. ज्या छकडीला जोडी जुंपली आहे ती इतकी हलकी की दोन माणसं उचलून नेतील. धुरकरी तिच्यावर बसतो असं म्हणण्यापेक्षा लटकतो. इशारा होतो, जोडी सुटते, आणि तुम्ही श्वास घ्यायच्या आत ती तुमच्यासमोरून गेलेली असते. दहा-बारा सेकंदांचा मामला. पण घड्याळावर सेकंदाचा तुकडासुद्धा मोजला जातो, आणि त्या तुकड्यावरून रात्री पारावर भांडणं होतात.

शेजारी एक मालक उभा आहे. जोडीला दूध, अंडी, बदाम चारतो. ही जोडी औताला जुंपत नाही, वखराला तर नाहीच. बक्षीस मिळालं तरी वर्षभराच्या खुराकाचा खर्च निघत नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुम्ही विचारता, “मंग कायले पळवता?” तो तुमच्याकडे असा बघतो की प्रश्न परत घ्यावासा वाटतो. “आवड हाय.”

ट्रॅकवर स्वतःच्या पैशानं गाडी पळवायला जाणाऱ्या जगातल्या कुठल्याही हौशी माणसाला हे विचारा, यापेक्षा मोठं उत्तर मिळणार नाही. कुणी फार शिकलेला असेल तर तो दोन पानं बोलेल, पण त्यात एवढंच असेल.

मात्र जाण्याआधी एक बघून ठेवा. शेवटची खूण ओलांडली की जोडी पुढे मोकळ्या रानात जाते, तिथे माणसं दावी घेऊन धावतात आणि बैल आवरतात. पटात वळायचं नसतं. सगळं कसब सुटण्यात आणि सरळ जाण्यात आहे. वेगाचं पहिलं वेड आपल्याला इथे लागलं, आणि ते सरळ पट्टीवर लागलं.

आता लांबची उडी. १९४३, अकोल्याबाहेर शिवणी.

उन्हात खडी फुटते आहे. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायांची रांग, पाणी शिंपडणारा पखालवाला, रोलरचा धूर. सार्वजनिक बांधकाम खातं इथे विमानासाठी पट्टी करतं आहे. जपान ब्रह्मदेशात येऊन बसला आहे, आणि हिंदुस्थानभर जिथे सपाट जमीन दिसेल तिथे अशा पट्ट्या पडत आहेत. मुकादमाला तुम्ही विचारता, “काय बनवून राह्यले?”

“इमानतळ, मालक.”

“कोन उतरनार?”

“आपल्याले काय मालूम. साहेब म्हनते बनवा, बनवून राह्यलो.”

या मुकादमाला सांगून तो विश्वास ठेवणार नाही, पण मोटारसायकलच्या शर्यतींचा पुढचा इतिहास अशाच पट्ट्यांवर घडणार आहे. युद्ध संपतं, विमानं निघून जातात, मागे उरतात रुंद, सपाट, रिकामे रस्ते, ज्यांवर ना बैलगाडी ना फाटक. इंग्लंडात सिल्व्हरस्टोन हा बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. १९४८ मध्ये तिथे ग्रां प्री झाली. त्याच वर्षी गुडवुडचा हवाईतळ शर्यतींसाठी खुला झाला. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेला शोलावरमच्या धावपट्टीला हे नशीब लाभलं. शिवणीला लाभलं नाही. तिच्या कडेला पुढे कृषी विद्यापीठाची जमीन आली, आणि पट्टी लांबवायची की नाही यावर अकोल्यात अजून सभा होतात.

चला, मद्रास. परत १९८५.

सेंट्रल स्टेशनबाहेर बारदान सोडा, टाकी भरा, पेट्रोलमध्ये तेल मिसळा. कलकत्त्याच्या रस्त्यानं उत्तरेला निघालात की शोलावरम येतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. त्यांनी इथे शर्यती भरवायला सुरुवात केली, आणि आता दर फेब्रुवारीला शहर इकडे लोटतं. हजारो माणसं उन्हात उभी आहेत. कोइमतूरचा करिवर्धन स्वतः गाड्या बांधतो आणि स्वतःच पळवतो. विजय मल्ल्यांनी विलायतेची फॉर्म्युला वन गाडी याच काँक्रीटवर पळवली. तुम्हाला मात्र त्या चारचाकींशी काही देणंघेणं नाही. तुमचं लक्ष पलीकडच्या मोटारसायकलींच्या गर्दीकडे आहे: येझदी, एन्फिल्ड, राजदूत ३५०. हवेत टू-स्ट्रोकचा निळा धूर, आणि कुणाच्या तरी इंजिनातून एरंडेलाचा वास; शर्यतीच्या तेलात तो असतो. लहानपणी सुटीत आजीनं पाजलेलं एरंडेल एवढं पुढे येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं.

आरसे काढा. स्टँड काढा. हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारा, म्हणजे काच फुटली तर तुकडे पट्टीवर सांडणार नाहीत. नंबर रंगवा. झालात तुम्ही रेसर.

हे इतक्या सहज होतं, यातच गोम आहे. १९८५ च्या भारतात हौशी माणसाला बंद पट्टीवर शांतपणे गाडी शिकायला जागा नाही. शर्यत आहे, शाळा नाही. ज्याला वेगाची गोडी आहे त्यानं एकदम स्पर्धेतच उडी घ्यायची, नाहीतर आपापल्या गावच्या हायवेवर मरायचं, असे दोनच रस्ते.

सरावाची पहिली फेरी. सरळ पट्टीवर तुम्ही राजे. काटा शंभराच्या पुढे सरकतो आणि तरी आपण रेंगाळतोय असं वाटतं, कारण धावपट्टी विमानासाठी बांधलेली आहे. कडेला झाडं नाहीत, खांब नाहीत, वेग मोजायला डोळ्याला काही आधार नाही. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर बाभळी सटासट मागे जायच्या, इथे काहीच मागे जात नाही. आणि मग पट्टी संपते.

टोकाला वळणाची खूण करायला ड्रम मांडले आहेत. तुम्ही ब्रेक दाबता. येझदीचे ड्रम ब्रेक. ते विचार करून थांबतात. नजर ड्रमांवर खिळते. गाडी ड्रमांकडे निघते. तुम्ही आणखी दाबता, आणखी बघता, गाडी आणखी सरळ जाते. ड्रमांच्या मधून, काँक्रीट सोडून, खडीतून, काटेरी झुडपांपर्यंत. पडत नाही, एवढंच. त्याच वेळी बेंगलोरचा एक पोरगा, गाडी तुमच्याहून लहान, आतल्या बाजूनं सावकाश वळतो आणि वळणातून बाहेर पडताना पिळतो. तुम्ही परत पट्टीवर येईपर्यंत तो ठिपका झालेला असतो.

दुपारी सावलीत तो भेटतो. मोडक्या हिंदीत तो एवढंच सांगतो: स्लो इन, फास्ट आउट. आणि ड्रमकडे बघू नको, जिथे जायचंय तिकडे बघ. तुम्ही मान हलवता. समजलं असं वाटतं. समजलेलं नसतं, शर्यतीत पुन्हा तेच होतं, फक्त झुडपं दुसरी. शर्यतीचा निकाल सांगण्यासारखा नाही, तो सोडून देऊ.

पुढली काही वर्षं धावत्या गाडीतून बघा. याच १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० येतात, आणि वऱ्हाडातल्या रस्त्यांचा आवाज बदलतो. १९९० मध्ये मद्रासचा क्लब धावपट्टी सोडून श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उघडतो, साधारण ३.७ किलोमीटर, १२ वळणं. १९९५ मध्ये करिवर्धन विमान अपघातात जातो. कोइमतूरचा ट्रॅक पुढे त्याच्या नावानं ओळखला जातो. १९९६ मध्ये येझदी बंद पडते. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ येते, आणि दीडशे सीसीच्या, पगारदार माणसाला परवडणाऱ्या गाडीला पहिल्यांदा ट्रॅकवर शोभेल अशी चासी मिळते. मोठ्या गाड्या मोठ्या लोकांच्या राहिल्या. भारतात ट्रॅक सामान्य माणसापर्यंत पोचवण्याचं श्रेय मी या छोट्या गाडीला देईन.

आता उतरा. २०१४ चा आरंभ, इरुंगट्टुकोट्टई, सकाळचे सात. तुमच्याखाली तीच आर-१५.

आज शर्यत नाही. आज ट्रॅक डे आहे. पैसे भरायचे, स्वतःची गाडी आणायची, दिवसभर ठरलेल्या सत्रांत ट्रॅकवर फिरायचं. कल्पना नवी नाही. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग १९२७ मध्ये उघडला तेव्हापासून पैसे देऊन सामान्य माणसाला तिथे गाडी नेता येते. आपल्याकडे ती यायला ऐंशीएक वर्षं लागली. २०१० मध्ये कीथ कोड यांची कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल या ट्रॅकवर आली आणि तेव्हापासून इथे शिकणं हा शब्द रुळला.

टेबलावर एक कागद आहे: काही झालं तर जबाबदारी माझी. सही करण्याआधी घरच्या विमा पॉलिसीची आठवण काढा. तिच्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शर्यत आणि वेगचाचणी यांत झालेलं नुकसान कंपनी देणार नाही. मग तपासणी. ब्रेक, चेन, टायर, कुठे तेल गळतंय का. आरसे, इंडिकेटर, हेडलाइट यांवर पट्ट्या. अंगावर एकसंध चामड्याचा सूट, पाठीला कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे हातमोजे. आठ वाजता चेन्नईच्या दमटपणात तुम्ही त्या सूटमध्ये उकडायला लागता. पाणी पीत राहा, मीठ-साखरेचं असेल तर उत्तम. दुपारी जे पडतात त्यातले बरेच तहानेनं आणि थकव्यानं पडतात.

झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून वेगवान येतोय, आपली रेषा सोडू नका. काळा तुमच्यासाठी असेल तर आत या आणि बोलणी खा. नवख्यांच्या गटात वळणात आतून घुसायचं नाही.

आजूबाजूला कोण आहे? दातांचा डॉक्टर, बँकेतला अधिकारी, कॉलेजातली एक मुलगी, गॅरेजवाला, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ. मागच्या बाजूला कुणीतरी मराठी बोलतंय, पुण्याचं. तुम्ही अमरावतीचे म्हटल्यावर तो विचारतो, “तिकडे कुठे चालवता?” तुम्ही म्हणता, “चालवतो ना, सरळ.” त्याला हा विनोद कळत नाही.

पहिलं सत्र. प्रशिक्षक सांगतो: एकच गिअर, ब्रेक नाही. पूर्ण सत्र. तुम्हाला वाटतं ऐकण्यात चूक झाली. एवढ्या लांब गाडी आणली ती ब्रेक न लावता, गिअर न बदलता चालवायला? पण ट्रॅकवर गेल्यावर दुसऱ्याच फेरीत उजेड पडतो. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाला लागायच्या आधीच वेग जुळवावा लागतो. हावरटपणा करायला वावच राहत नाही. लागलात त्या वेगानं वळणात, मग हलक्या हातानं अ‍ॅक्सिलरेटर उघडत राहायचा, एकसारखा, न थांबता. तो उघडला की वजन मागे सरकतं, पुढचं चाक मोकळं होतं, गाडी आपली रेषा आपण धरते. वळणात मध्येच घाबरून तो सोडला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी डगमगते. शोलावरमला तुम्ही नेमकं हेच करत होता.

सत्र संपलं की वर्ग. फळा, खडू, मग पुन्हा ट्रॅक. दर वेळी एकच गोष्ट. वळायला सुरुवात कुठे करायची, त्या जागेला आधी खूण ठरवा. मग किती झटकन गाडी झुकवायची. मग हँडलला किती कमी धरायचं. एका वर्गात प्रशिक्षक सांगतो की उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकला. वर्गात दोघेतिघे हसतात. तुम्ही बाहेर जाऊन करून बघता. गाडी उजवीकडे झुकते. इतकी वर्षं तुमचे हात हे न सांगता करतच होते. आता त्यांना सांगून करता येतं, आणि दचकल्यावर उपयोग त्याचाच होतो.

दुपारनंतर नजर. सरळ पट्टी संपते तिथलं पहिलं वळण, सगळे त्याला सी-वन म्हणतात. तिथे भीती वाटते, कारण तिथे वेग सर्वांत जास्त असतो. प्रशिक्षक सांगतो: वळायची जागा जवळ आली की तिच्याकडे बघणं सोडा आणि वळणाचा आतला बिंदू बघा. बिंदू गाठण्याआधीच तो सोडा आणि बाहेर पडायची जागा बघा. डोळे एक पाऊल पुढे. पहिल्या तीन फेऱ्यांत जमत नाही. चौथ्या फेरीत जमतं, आणि जे होतं ते कुणी आधी सांगितलं नव्हतं: वेग कमी झाल्यासारखा वाटतो. वळण रुंद होतं. हेल्मेटच्या आत तुम्ही मोठ्यानं काहीतरी बोलता, वऱ्हाडीत, छापण्यासारखं नाही.

लाल झेंडा. कुणीतरी पडलं. पिटमध्ये येता येता दिसतं: बँकेतले साहेब, पुढचं चाक निसटलं, गाडी एकीकडे घसरली, ते दुसरीकडे. उठून उभे आहेत, सूटवरची माती झटकतायत. सूटच्या कोपराला भोक, कोपराला काही नाही. घसरून जायला मोकळी जागा होती म्हणून. हाच अपघात परतवाड्याच्या रस्त्यावर झाला असता तर समोर कठडा, झाड किंवा उसाची ट्रॉली असती.

संध्याकाळी गुडघ्याच्या पॅडकडे बघा. कोरे आहेत, जमिनीला टेकले नाहीत. फोटोसाठी गुडघा टेकवायला आलेली दोन पोरं तुमच्याहून हळू होती, हे तुम्ही पाहिलं आहे. तुमची फेरी किती सेकंदांची झाली हेही तुम्हाला ठाऊक नाही, घड्याळ लावलेलंच नव्हतं. कुणीच कुणाला हरवलेलं नाही, तरी गॅरेजवाला आणि डॉक्टर एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. तळेगावच्या त्या मालकाला हे सगळं न सांगता कळलं असतं.

गंमत बघा, त्याच वर्षी ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवरच्या बंदीवर शिक्का मारला. पट सुना पडला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. आता तळेगावला पुन्हा पट भरतो, महिला धुरकरीही जोड्या पळवतात. मुक्या जनावराच्या वेदनेचा प्रश्न तिथे खरा होता आणि आहे. यंत्राबाबत तो नाही. यंत्रावर बसलेल्याबाबत आहे.

तर आता परत या. २०१४ चाच पावसाळा, परतवाडा, धामणगाव गढी, चिखलदऱ्याचा घाट. तीच आर-१५, अंगात साधं जॅकेट. घाटात एक वळण घ्या, त्रिज्या ३० मीटर धरू. ५० च्या वेगानं त्यातून जायला गाडी साधारण ३३ अंश झुकवावी लागते. ६० नं गेलात तर ४३ अंश. काट्यावर फरक दहाचा, झुकावात फरक दहा अंशांचा, आणि त्या दहा अंशांत कोरड्या डांबरावरचा भरवसा संपून ओल्या शेवाळावरचा जुगार सुरू होतो. त्यातच वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. एसटी असेल, शेळ्या असतील, दरडीतून सुटलेला दगड असेल.

आणि तुम्ही ४० नं जाता. मुद्दामून नव्हे, आपोआप. मागून नागपूर पासिंगची मोठी गाडी घोंघावत ओलांडून जाते, मागे बसलेला पोरगा वळून हसतो. हसू द्या. पुढच्या वळणाला तिचे ब्रेक लाइट वळणाच्या मध्यावर लागतात, आणि तुम्हाला शोलावरमची झुडपं आठवतात.

शेवटची उडी लहानच आहे. ३ जून २०२२, सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. अमरावतीजवळ लोणीला यंत्रं सुरू होतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर डांबर पडायला लागतं आणि ते अकोला जिल्ह्यातल्या माना गावापर्यंत थांबत नाही. ७ जूनला संध्याकाळी पाच वाजता काम संपतं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक अखंड मार्गिका; रात्रंदिवस खपलेली ७२० माणसं; कतारमधल्या दोह्याचा २५.२७५ किलोमीटरचा विक्रम मोडून गिनीज बुकात नोंद. मे-जूनचं वऱ्हाडी ऊन ज्यानं अनुभवलंय त्याला या माणसांचं मोल कळेल. अभिमान वाटावा असंच काम आहे.

त्या रस्त्यावर गाडी घाला. आता तुमच्याखाली चाकणला बनलेली ३९० ड्यूक आहे. डांबर असं की हँडलला थरथर नाही. सरळ, रुंद, मोकळा. १९८५ सालचा सव्वीस वर्षांचा पोरगा अंगात जागा होतो आणि उजवं मनगट खाजवायला लागतं. वेग दुप्पट केलात तर ब्रेक लावल्यापासून थांबायला अंतर चौपट लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. पुढे दुभाजकाच्या फटीतून सायकलवाला येणार आहे, रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली येणार आहे, उलट्या बाजूनं स्कूटर येणार आहे, आणि यांतल्या कुणीही झेंडा दाखवणार नाही. तुम्ही ऐंशीवर राहता.

माझं म्हणणं एवढंच आहे की या भागात सरळ पट्ट्या पुष्कळ झाल्या. पट झाला, शिवणी झाली, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान उडतं, महामार्ग तर जगाच्या पुस्तकात गेला. वळायला शिकवणारी जागा मात्र एकही नाही. राज्यात कोल्हापूरजवळ मोहिते अकादमीचा ट्रॅक आहे, तो कार्टिंगचा. बाकी चेन्नई, कोइमतूर, नाहीतर नोएडाजवळचा बुद्ध सर्किट, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आपल्याला त्यातल्या त्यात जवळ, पण तो गाड्यांच्या चाचणीचा.

करोडोंचा ट्रॅक कुणी मागत नाही. रविवारी रिकामं पडलेलं बाजार समितीचं यार्ड, वीस शंकू, एक पाण्याचा टँकर, एक अ‍ॅम्ब्युलन्स आणि शिकवू शकणारा एक माणूस, एवढ्यावर चाळीसच्या वेगात ब्रेक, नजर आणि झुकाव शिकवता येतो. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून पोरांच्या शरीराला शिस्त लावत आलं. १९३६ मध्ये त्यांचा चमू बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन देशी खेळ दाखवून आला. हा खेळ त्यांनी हाती घेतला तर तो आखाड्याबाहेरचा ठरू नये. आणि तुम्ही, जे या दिवाळीला घरच्या पोराला मोठी गाडी घेऊन देणार आहात, त्यांनी शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजवर जेवढे घालता तेवढे पैसे बाजूला ठेवा आणि त्याला आधी एक ट्रॅक डे करून आणा.